बाण पाठ करण्यापेक्षा बाहेरच्या इलेक्ट्रॉनकडे बघ

प्रश्न : बाई, सादर प्रणाम. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने सांगलीला कॉलेजला येते. अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं आणि विज्ञानात मार्क चांगले होते. आता केमिस्ट्रीत अणुरचना, बॉन्डिंग आणि पिरिऑडिक टेबल असे तीन धडे झाले आणि तिन्हींत मला काहीच येत नाही असं वाटतं. दहावीत कवचं शिकलो, इथे सांगतात कवचं विसरा, ऑर्बिटल शिका. मग आधीचं खोटं होतं का? क्लासमध्ये बाणांचा एक तक्ता दिलाय, डावीकडून उजवीकडे काय वाढतं, वरून खाली काय कमी होतं. रात्री तो पाठ होतो आणि चाचणीत मी उलटा लिहून येते. वर प्रत्येक नियमाला अपवाद. घरी द्राक्षबाग आहे, बीएस्सी अ‍ॅग्रीला जायचं मनात आहे. पण पप्पा म्हणतात, झेपत नसेल तर आर्ट्सला जा, वर्ष घालवू नको. मी सायन्स सोडू का? आणि एक शेवटचं. फ्लोरिन सगळ्यांत जास्त विद्युतऋण, तर मग इलेक्ट्रॉन घेताना क्लोरिन त्याच्या पुढे कसा?
– एक विद्यार्थिनी, तासगाव तालुका

उत्तर :

प्रिय मुली,

सायन्स सोडू नकोस. तुझं मन दुसऱ्या विषयात असतं तर मी वेगळं सांगितलं असतं, पण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचून मला काही शंका उरली नाही. जिला खरंच काही येत नाही तिला हा प्रश्न पडत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवून त्या जुळत नाहीत हे तू स्वतः पाहिलंस, आणि रसायनशास्त्र सुरू होतं ते इथूनच. अडलंय ते पाठांतराच्या पद्धतीत, आणि ती बदलता येते.

आधी धड्यांचा क्रम बदल. तुमच्या पुस्तकात अणुरचना चौथ्या धड्यात, रासायनिक बंध पाचव्यात आणि आवर्तसारणी थेट सातव्यात आहे. शिकवताना तोच क्रम पाळला जातो आणि मधल्या मध्ये धागा तुटतो. चौथा वाचून झाला की सरळ सातव्यावर जा आणि मग पाचव्याकडे ये. कुठला अणू इलेक्ट्रॉन घट्ट धरतो आणि कुठला सैल, हे कळल्याशिवाय बंधाचा धडा म्हणजे नुसती नावांची यादी वाटते. सांगलीत अकरावी-बारावीला शिकवताना मी मुलांकडून हाच क्रम करून घ्यायचे. पाचवा धडा अवघड वाटणाऱ्या बऱ्याच मुलांचा खरा घोळ सातव्यात असायचा.

आता कवचांबद्दल. दहावीत शिकलेलं खोटं नव्हतं, आणि ते विसरायचंही नाही. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलेलं कक्षांचं चित्र हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा अचूक सांगतं, पण दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशीच अडतं. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांचं समीकरण आलं आणि इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेने फिरतो ही कल्पना मागे पडली. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं आणि त्या जागेला ऑर्बिटल म्हणतात. पण कवचाची संख्या तशीच राहिली. पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ हे आजही बरोबर आहे. नवीन कळलं ते इतकंच की कवचाच्या आत एस, पी अशा नावांचे कप्पे असतात. दुसऱ्या कवचातले आठ म्हणजे एसमधले दोन आणि पीमधले सहा. पीचे सहा पुन्हा तीन ऑर्बिटलमध्ये दोन-दोन. दहावीत तुला घर दाखवलं, अकरावीत त्याच्या खोल्या दाखवल्या.

हे कप्पे खरे आहेत हे कशावरून, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण विचारायला हवा होता. त्याचं उत्तर तुला नको वाटणाऱ्या अपवादांतच आहे. तिथे येतेच मी.

क्लासचा तो बाणांचा तक्ता आठवडाभर बाजूला ठेव. त्याच्याऐवजी एकच प्रश्न विचारायची सवय लाव. सगळ्यांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रक किती जोराने ओढतंय? तीन गोष्टींवर ते ठरतं. केंद्रकात प्रोटॉन किती, इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती लांब, आणि मध्ये दुसरे इलेक्ट्रॉन किती आडवे आलेत. या तिसऱ्या गोष्टीला तुमच्या पुस्तकात शील्डिंग म्हटलंय. तासगावच्या रथोत्सवात तू मागच्या रांगेत उभी असलीस की पुढच्या गर्दीच्या आडून गणपती जेवढा दिसेल तेवढाच दिसतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाचा प्रभार तसाच आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशातून उरेल तेवढा जाणवतो.

ढोबळ हिशोब असा. सोडिअममध्ये ११ प्रोटॉन, आतल्या दोन कवचांत १० इलेक्ट्रॉन. बाहेरच्या एकट्याला जाणवणारा प्रभार साधारण एक. क्लोरिनमध्ये १७ प्रोटॉन, आत तेच १०, म्हणून बाहेरच्याला साधारण सात. पुढे तुला स्लेटरचे नियम भेटतील, त्यांनी हे आकडे सोडिअमला २.२ आणि क्लोरिनला ६.१ असे नेमके निघतात, पण दिशा तीच. दोघांचं बाहेरचं कवच तिसरंच. मग क्लोरिनचा इलेक्ट्रॉन जास्त आत ओढला जाणार हे उघड आहे. सोडिअमची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरिनची ९९. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, उजवीकडे जाताना अणू लहान होतो, आयनीकरण ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) वाढते, विद्युतऋणता (बंधातली जोडी आपल्याकडे ओढण्याची ताकद) वाढते आणि धातूपणा कमी होतो, ते सगळं या एका ओढीमुळे. चार वेगवेगळे बाण पाठ केलेस तर चारही ठिकाणी चुकायची भीती. ओढ लक्षात असेल तर परीक्षेच्या कागदाच्या कोपऱ्यात अर्ध्या मिनिटात चारही काढता येतात.

गणात, म्हणजे सारणीच्या उभ्या स्तंभात, खाली जाताना कवच वाढतं. लिथिअम १५२ पिकोमीटर, सोडिअम १८६, पोटॅशिअम २३१. आडोसा वजा केल्यावर तिघांनाही प्रभार ढोबळमानाने एकच, पण अंतर वाढत गेलंय, म्हणून आयनीकरण ऊर्जा ५२०, ४९६, ४१९ किलोज्यूल प्रति मोल अशी उतरते. इथे जास्त थांबायची गरज नाही.

थांबायचंय ते तिसऱ्या आवर्तात. वहीचं एक पान आडवं घे आणि हे आकडे आलेखावर मांड. सोडिअम ४९६, मॅग्नेशिअम ७३८, ॲल्युमिनिअम ५७८, सिलिकॉन ७८७, फॉस्फरस १०१२, गंधक १०००, क्लोरिन १२५१, अरगॉन १५२१. सगळे किलोज्यूल प्रति मोलमध्ये, आणि सगळे एक इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे. बिंदू जोडलेस की चढण दिसेल, पण ती दोनदा मोडलेली दिसेल. मॅग्नेशिअमवरून ॲल्युमिनिअमला जाताना आकडा एकदम घसरतो, आणि फॉस्फरसवरून गंधकाला जाताना किंचित. तुझ्या तक्त्यात यांना 'अपवाद' म्हणून लाल शाईने लिहिलं असेल.

आता चढणीचे तुकडे मोज. आधी दोन मूलद्रव्यं, मग तीन, मग तीन. दोन म्हणजे एसचा कप्पा भरला. ॲल्युमिनिअमचा नवा इलेक्ट्रॉन पीमध्ये गेला, त्याची ऊर्जा मुळातच जास्त, शिवाय एसचे दोघे थोडे आडवे येतात, म्हणून तो सहज सुटतो. पुढचे तीन म्हणजे पीच्या तीन ऑर्बिटलमध्ये एकेक इलेक्ट्रॉन बसला. गंधकापाशी चौथ्याला आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या ऑर्बिटलमध्ये जोडी करावी लागते, दोन ऋण प्रभार एकाच जागेत आले की एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यातला एक काढणं किंचित सोपं होतं. पुढे क्लोरिन, अरगॉन, आणि पी भरला. दोन, तीन, तीन. आठाच्या कवचात एस आणि पी आहेत, पीमध्ये तीन जागा आहेत, हे सगळं प्रयोगशाळेत मोजलेल्या आठ आकड्यांतून तुझ्याच वहीवर उमटलं. दुसऱ्या आवर्ताचे आकडे सातव्या धड्यात बघून मांड, चढण त्याच जागी मोडते.

म्हणून अपवादांवर रागावू नकोस. मेंडेलीव्ह यांनी सारणी मांडली १८६९ साली, आणि थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. म्हणजे इलेक्ट्रॉन माहीतच नसताना, नुसत्या मोजलेल्या गुणधर्मांवरून ही सारणी उभी राहिली. त्यांनी रिकाम्या ठेवलेल्या जागांपैकी एक १८७५ मध्ये गॅलिअमने भरली, एक १८८६ मध्ये जर्मेनिअमने. मोस्ले यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून अणुअंक, म्हणजे प्रोटॉनांची संख्या, मोजता येतो हे दाखवलं, तेव्हा मांडणीला पक्का आधार मिळाला. आकडे आधी आले, नियम नंतर. आकडा नियमाच्या बाहेर पडला तर आकड्याने काही चूक केलेली नसते, आपला नियम ढोबळ असतो एवढाच त्याचा अर्थ. ॲल्युमिनिअमची घसरण पाठ करणाऱ्या मुलीला ती ओझं वाटते. कारण समजलेल्या मुलीला ती ऑर्बिटलचा पुरावा वाटते, आणि पेपरात तोच प्रश्न ती आधी सोडवते.

आता बंधाकडे. इथे मला एक गोष्ट जरा आग्रहाने सांगायची आहे. 'सोडिअमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरिनला एक हवा असतो, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ, पूर्ण होतं आणि दोघं सुखी' हे वाक्य लहान वर्गात चालतं, पण अकरावीत ते डोक्यातून काढून टाक. सोडिअम खुशीने काही देत नाही. त्याचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल लागतात हे तू आत्ताच आलेखावर मांडलंस. क्लोरिनला तो मिळाला की ३४९ परत येतात. नुसता हा देण्याघेण्याचा व्यवहार १४७ ने तोट्यात आहे.

पूरा हिशोब कर. घन सोडिअमचे सुटे अणू करायला १०८. क्लोरिनचा रेणू फोडून एक अणू मिळवायला १२१. इलेक्ट्रॉन काढायला ४९६. एकूण खर्च ७२५. क्लोरिनकडून ३४९ परत आले, तरी ३७६ कमीच पडतात. ही तूट भरून निघते ती धन आणि ऋण आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेले आणि घेतलेले अणू, एकमेकांजवळ येऊन स्फटिकाची जाळी रचतात तेव्हा. त्यात ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, आणि शेवटी ४११ उरतात. मिठाच्या निर्मितीची मोजलेली ऊर्जा एवढीच आहे. मीठ टिकाऊ आहे ते या जाळीमुळे. ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात तेही याच जाळीमुळे. हे पाच आकडे एकदा स्वतःच्या हाताने मांडलेस की आयनिक बंध तुला पुन्हा कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

मग सोडिअम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? दुसरा काढायला ४५६२ लागतात, तो आतल्या कवचातला. तेवढी तूट कुठलीही जाळी भरून काढू शकत नाही. मॅग्नेशिअमचं बघ, ७३८, मग १४५१, आणि तिसऱ्याला ७७३३. उडी कुठे आहे ते दिसतंय ना? म्हणून त्याची संयुजा दोन. दहावीत संयुजा पाठ केली होतीस, आता ती या उडीवरून वाचता येईल.

सहसंयुज बंधातही, म्हणजे इलेक्ट्रॉनजोडी सामाईक असलेल्या बंधातही, अष्टकाचा नियम कामाला येतो, पण सगळीकडे नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये दहा, सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये बारा. हे तीन लक्षात ठेव, पुरेत. बंध आयनिक की सहसंयुज हा प्रश्नही हो-नाहीचा नसतो. विद्युतऋणता सोडिअमची ०.९३, हायड्रोजनची २.२०, क्लोरिनची ३.१६. हायड्रोजन क्लोराइडमध्ये फरक एकापेक्षा कमी, म्हणून जोडी दोघांत सामाईक पण क्लोरिनकडे सरकलेली. मिठात फरक दोनाच्या वर, म्हणून आयन.

आणि तुझ्या घरी द्राक्षबाग आहे, म्हणजे पाचव्या धड्याची प्रयोगशाळा शेडमध्येच आहे. बोर्डोला, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मिश्रणाला, आणतात ते मोरचूद घे. निळ्या खड्याच्या एका सूत्रात एक कॉपर सल्फेट आणि पाच पाण्याचे रेणू असतात. कॉपर आणि सल्फेट आयन म्हणून एकमेकांना धरतात. सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधाने जोडलेले. पाचांपैकी चार पाणी कॉपरला आपल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनजोडी देऊन चिकटलेले, तो कोऑर्डिनेट बंध. आणि पाचवं पाणी हायड्रोजन बंधांनी अडकलेलं. धड्यातले चार प्रकार एका खड्यात. तापवून पाणी उडालं की खडा पांढरा पडतो, कारण निळेपणा त्या कॉपरभोवतीच्या पाण्यामुळे होता. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून कर, घरी नको. मोरचूद पोटात जाता कामा नये आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवायचे.

बोर्डो कालवताना घरातले मोठे लोखंडी विळ्याचं पातं त्यात बुडवून बघत असतील. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे प्रमाण असतं, पण चुना चांगल्या प्रतीचा नसेल तर कमी पडतो. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालायचा. तो थर म्हणजे धातूरूप तांबं. लोखंडाच्या अणूंनी इलेक्ट्रॉन सोडले, पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या कॉपर आयनांनी ते घेतले. चुना पुरेसा असला की कॉपर न विरघळणाऱ्या रूपात बांधलं जातं आणि पातं कोरं राहतं. पानाला इजा होते ती मोकळ्या कॉपरने, म्हणून ही परीक्षा. पुढच्या फवारणीला पप्पांसोबत उभी राहा आणि बघ. मग बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवतात त्या पोटॅशिअम कार्बोनेटमध्ये कुठले बंध आहेत ते स्वतः शोध. उत्तर मोरचुदाच्याच वाटेने मिळेल.

माध्यमाचं ओझं तू पत्रात फारसं बोलून दाखवलं नाहीस, पण ते आहे हे मला कळतं. आयनायझेशन एन्थॅल्पी म्हणजे वर बघितलेली आयनीकरण ऊर्जाच, इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी म्हणजे विद्युतऋणता. वहीच्या शेवटच्या पानांवर अशा जोड्या लिहीत जा. विचार मराठीतच कर, त्यात काही कमीपणा नाही. 'कारण द्या'चं उत्तर लिहिताना मात्र इंग्रजीत छोटी-छोटी वाक्यं ठेव. कवच कितवं, प्रोटॉन किती, आडोसा किती, म्हणून ओढ जास्त की कमी. चार वाक्यांत उत्तर होतं, आणि तपासणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. एसटीत बसायला जागा मिळाली तर आकडे पाठ करण्यापेक्षा एखादं मूलद्रव्य मनात धरून त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनची गोष्ट शेवटपर्यंत सांगून बघ.

हे पत्र पप्पांनाही वाचायला दे. त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमची काळजी रास्त आहे. एसटीचा पास, क्लासची फी, बागेचं कर्ज, सगळं एकाच घरातून जातं. पण पहिल्या दोन चाचण्यांवरून मुलीला सायन्स झेपत नाही असं ठरवू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीचे पहिले महिने जड जातातच. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा साधारण वीस टक्के असतो, उरलेला बारावीचा, आणि बारावीतले गण १६ ते १८, संक्रमण मूलद्रव्यं हे धडे याच तीन धड्यांवर उभे आहेत. तेव्हा आत्ता महिनाभर शांतपणे यांना दिला तर तो पुढे दोन वर्षं कामी येतो. त्यासाठी आणखी एक क्लास लावायची गरज मला दिसत नाही. तिला संध्याकाळी एक तास बागेच्या आणि घरच्या कामातून मोकळा द्या, तो जास्त उपयोगाचा.

आता तुझा फ्लोरिन. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. विद्युतऋणता म्हणजे बंधातली सामाईक जोडी अणू आपल्याकडे किती ओढतो ते, आणि त्यात फ्लोरिन ३.९८ वर सगळ्यांच्या पुढे आहे. इलेक्ट्रॉन घेतानाची ऊर्जा मात्र एकट्या, वायुरूप अणूत बाहेरून पूर्ण इलेक्ट्रॉन आला तर किती ऊर्जा सुटते ते सांगते. फ्लोरिनला ३२८, क्लोरिनला ३४९. फ्लोरिनचं बाहेरचं कवच दुसरं, फार लहान, आणि त्यात आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीने आहेत. आठवा आला की ते त्याला ढकलतात आणि मिळालेल्या ऊर्जेतला काही भाग त्यात जातो. क्लोरिनचं कवच ऐसपैस, तिथे ही ढकलाढकल कमी. याच दाटीमुळे फ्लोरिनच्या रेणूतला बंधही कमकुवत आहे, तो तोडायला १५९ किलोज्यूल पुरतात, क्लोरिनचा तोडायला २४३ लागतात. आणि शेजारच्या गणातही हेच दिसतं. ऑक्सिजनला १४१, गंधकाला २००. नायट्रोजनचं काय होत असेल ते मी सांगत नाही. त्याच्या पीमध्ये तीन जागांवर एकेक इलेक्ट्रॉन आहे हे धरून तूच विचार कर, आणि तुझं उत्तर मला लिहून पाठव.

तुझी,
बाई